नंगलची खबर

नंगलचा कुंभार निरोप घेऊन आला तेव्हा शिखांच्या त्या जथ्यात एकोणीस माणसं आणि अकरा घोडी उरली होती. बियास नदीकाठच्या दलदलीत, पुरुषभर उंच बोरूत ती हिवाळाभर दडून होती. कुंभाराने आल्या आल्या जथेदार टहल सिंगाचे पायच धरले.

"फौजदाराने गाव वेढलंय, जथेदारजी. उद्या दिवस मावळायच्या आत तुम्ही हजर झालात तर गाव सोडीन म्हणतो. नाही तर पाळण्यातलं पोरही ठेवणार नाही."

टहल सिंग आणि रुडा सिंग दोघेही नंगलचे. एक शेतकऱ्याचा, दुसरा सुताराचा. एकाच बैसाखीला दोघांनी अमृत घेऊन केस न कापायची शपथ घेतली होती. टहल सिंगाची म्हातारी आई, रुड्याची बायको ज्वाली, सगळी तिथेच होती. तरीही रुडा पचकन थुंकला.

"त्या फौजदाराच्या शब्दावर मी माझी शेळीसुद्धा सोडणार नाही, टहल्या."

"मीही नाही. पण गेलो नाही तर गाव नक्की जातंय. गेलो तर कदाचित वाचेल." टहल सिंगाने आपल्या मोडक्या गुडघ्यावर थाप मारली. "तसंही मला घोड्यावर चढवायला दोन माणसं लागतात. तुमची सुटका होईल."

कोणी हसलं नाही. तो गुडघा कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. पकडून काबूलकडे नेल्या जाणाऱ्या मुलींचा तांडा त्याने तीस स्वारांनिशी, गुडघ्यावर वार झेलून सोडवला होता, आणि मग एकेकीला तिच्या दारापर्यंत पोचवलं होतं. एका बापाने दार उघडलं नाही. टहल सिंग रक्ताळल्या गुडघ्यानिशी त्या उंबऱ्यावर दोन दिवस बसून राहिला. शेवटी बापाला लाज वाटली.

निघताना त्याने आपल्या वाटचे 'बदाम' वाटून टाकले. भाजलेल्या हरभऱ्यांना जथ्यात बदामच म्हणत. मग रुड्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तू परवा गावात जा. माणसांना नदीपार ने. आणि ती पोचली की काहीही करून मला तेवढं कळव. एवढं कळलं की पुढचं मी बघतो."

तिसऱ्या दिवशी रुडा नंगलला पोचला तेव्हा घरांतून अजून धूर निघत होता. विहिरीजवळ जाववत नव्हतं, इतका वास. कुंभार तेवढा वाचला होता, तोही निरोपासाठी वेढ्याबाहेर होता म्हणून. तो राखेत बसून डोलत होता.

"इकडे जथेदारांना बेड्या घातल्या, आणि तिकडे लगेच सुरुवात केली. त्यांना लाहोरच्या वाटेला लावलं होतं. त्यांना किंकाळ्यासुद्धा ऐकू गेल्या नसतील."

"ज्वाली?"

कुंभाराने विहिरीकडे पाहिलं.

रुडा लाहोरला निघाला. वेशीवर प्रत्येकाचं पागोटं उतरवून पाहत होते. न कापलेले केस दिसले की शीर जात होतं. वेशीच्या अलीकडे एका शिसवीच्या झाडाखाली तो बराच वेळ बसला. मग कंबरेचा विळा काढून त्याने आपले केस कापले, दाढी कापली. विळ्याने कानाला जखम झाली. कापलेले केस मातीत पुरले आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन तो आत गेला.

घोडेबाजारात टहल सिंगाला खांबाशी साखळीने बांधलं होतं. गवत टाकायच्या निमित्ताने रुडा जवळ सरकला. टहल सिंगाने आधी ओळखलंच नाही. मग त्याची नजर त्या ओबडधोबड भादरलेल्या डोक्यावर थांबली.

"रुड्या... हे काय केलंस रे?"

"आत यायचं होतं."

टहल सिंगाने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "माणसं?"

वाटभर त्याने खरं तेच सांगायचं ठरवलं होतं.

"नदीपार," तो म्हणाला. "सगळी."

"आई?"

"किरकिरतेय. डास चावतात म्हणे. ज्वालीने चूल मांडलीय."

टहल सिंगाचा चेहरा असा उजळला की रुड्याला तिथे उभं राहवेना. पहारेकरी ओरडला, तसा तो भारा उचलून सटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार माणसांनी फुलला. कोतवाल म्हणाला, "केस उतरव, धर्म बदल, जगशील. कुणासाठी मरतोयस? तुझं नंगल आम्ही कधीच जाळलं. तुझी आई विहिरीत आहे."

टहल सिंग मोठ्याने हसला. "अरे, खोटं तरी जरा बरं बोल! माझी आई डासांना शिव्या देत बसलीय." आणि हसत हसतच तो गर्दीत रुड्याला शोधू लागला.

नजरानजर झाली. एवढ्या वेळापुरतं रुड्याने नुसतं त्याच्याकडे पाहत राहायचं होतं. त्याला ते जमलं नाही. त्याची मान खाली गेली.

हसू थांबलं. रुड्याने पुन्हा वर पाहिलं तेव्हा टहल सिंग काही क्षणांत म्हातारा झाला होता. कोतवालालाही वाटलं, आता हा मोडला. त्याने न्हाव्याला पुढे बोलावलं.

"डोकं घ्या," टहल सिंग हळूच म्हणाला. "केसांना हात लावू नका." मग त्याने डोळे मिटून "वाहेगुरू" म्हटलं. रुड्याकडे परत पाहिलं नाही.

जथ्यात परतल्यावर रुडा न्यायाला बसलेल्या पाच सिंगांपुढे हात जोडून उभा राहिला आणि केस कापल्याचा गुन्हा कबूल केला. त्यांनी त्याला वर्षभर घोड्यांची लीद काढायला आणि भांडी घासायला लावलं, आणि मग पुन्हा अमृत दिलं. बाकीचं त्यांनी विचारलं नाही. लाहोरहून आलेल्या एका वाटसरूने जथ्याला सांगितलं होतं की जथेदार हसत हसत गेले. गावोगाव तेच सांगितलं जाऊ लागलं. रुडा ते ऐके आणि भांडं घासत राही.