होडीचं तोंड

गुलाम हुसेनला नाद आहे, हे धामणकर नाक्यापासून वंजारपट्टीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कसला, ते मात्र कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे तो कंप्युटर दुरुस्त करतो. हे अर्धंच खरं होतं. चांगला चालता कंप्युटर आधी तोच बिघडवायचा आणि मग तोच दुरुस्त करायचा. या दोन्ही कामांत त्याला सारखाच आनंद मिळे.

माणूस तसा लूमवाला, म्हणजे यंत्रमागांचा मालक. वडिलांच्या वेळेपासूनचा कारखाना, शांत स्वभाव, पन्नाशी उलटलेली. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की हा कारखान्यावरच्या माडीवर जाऊन बसायचा. खाली आठवडाभर कान किटवणारा खडखडाट थांबलेला असे आणि वर मेहरीनचा जुना कंप्युटर घुंघुं करत असे. मेहरीन म्हणजे त्याची मुलगी. ती लग्न होऊन पनवेलला गेली, तेव्हा व्हायरसने मेलेला हा डबा मागे ठेवून गेली होती. गुलाम हुसेनने एका मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी त्यात घातली आणि डबा उठून बसला. फक्त आवाज येईना. मग कित्येक शुक्रवार त्या आवाजामागे गेले. शेवटी एकदाचं ‘टिंग’ वाजलं, तेव्हा त्याने बायकोला हाका मारून वर बोलावलं.

शकिला गुडघे धरत माडीवर आली. तिने ते ‘टिंग’ ऐकलं.

“येवढ्यासाठी मला जिना चढायला लावला?” ती म्हणाली.

“पुन्हा ऐक,” गुलाम हुसेन म्हणाला, आणि त्याने पुन्हा वाजवलं.

शकिलाने कपाळाला हात लावला खरा, पण खाली गेल्यावर ती बराच वेळ हसत होती. नवरा शुक्रवारी कुठे असतो ते बायकोला पक्कं ठाऊक असावं, यासारखं सुख नाही, असं तिचं मत होतं.

आवाज आला, प्रिंटर चालला, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा गुलाम हुसेनने सायबर कॅफेतून काढून आणलेल्या कागदांवरून प्रोग्राम लिहायला शिकायचं मनावर घेतलं. आणि जे लिहिलं त्याचं नाव ठेवलं ‘खुंटी’.

खुंटीचं काम सोपं होतं. लूमवर नक्षी विणायची तर बाजूला डॉबी नावाचं एक यंत्र बसवतात. त्यात भोकं पाडलेल्या लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. भोकात खुंटी असेल तर ताण्याचे उभे धागे वर उचलले जातात, नसेल तर खालीच राहतात. कुठल्या भोकात खुंटी मारायची, हा सगळा हिशेब डिझाइन मास्तरच्या डोक्यात असतो, आणि मास्तरला कधी वेळ नसतो. गुलाम हुसेनच्या खुंटीत पडद्यावर चौकटी काळ्या करून चित्र काढलं की शेजारी खुंट्यांचा नकाशा आपोआप उमटत असे. त्याने आपल्या लूमवर दोन-तीन नक्ष्या विणून पाहिल्या होत्या. झकास आल्या होत्या.

पण समाधान होईना. स्वतः लिहिलेलं स्वतःच वापरायचं, यात काय मजा? आपली खुंटी दुसऱ्या कुणी, दुसऱ्याच्या घरात, आपण तिथे नसताना वापरावी, एवढीच त्याची इच्छा होती. त्याने धंद्यातल्या ओळखीपाळखीच्यांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

अशात काल्हेरहून काळूरामचा फोन आला. काळूराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने आपल्या जमिनीवर गोदामं उठवली होती आणि आता तो दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत बसे. घरामागे थोडे लूम होते, ते मात्र त्याची बायको राहीबाई चालवायची. लेकीचं, दिपालीचं, लग्न ठरलं होतं. लग्नात मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची असते, आणि राहीबाईच्या मनात आलं होतं की लेकीच्या लग्नात बाजारचा टॉवेल द्यायचा नाही, घरचा विणायचा. टॉवेलच्या पदराला, म्हणजे टोकाच्या पट्टीला, होड्यांची रांग हवी. तिचं माहेर कशेळीचं, खाडीकाठचं. पण डिझाइन मास्तर लग्न उरकेपर्यंत मोकळा नव्हता.

“मास्तर कशाला पाहिजे?” गुलाम हुसेन एवढ्या जोरात म्हणाला, की खालून शकिलाने काय झालं म्हणून विचारलं.

काळूरामच्या घरी दिपालीचा कंप्युटर होता, आणि त्यावरही लिनक्सच होतं. गेल्या वर्षी तो व्हायरसने आडवा झाला, तेव्हा गुलाम हुसेननेच हौसेने घालून दिलं होतं. तेव्हा आता काय, खुंटीचं पॅकेज बांधायचं, सीडीवर घ्यायचं, तिकडे जाऊन घालायचं. सोपं काम. त्याने स्कूटरला किक मारली, अंजूरफाट्याच्या ट्रकांतून वाट काढत काल्हेर गाठलं, सगळ्यांच्या देखत सीडी घातली, आणि पडद्यावर उमटलं की अमुक एक लायब्ररी नाही.

“लायब्ररी?” काळूराम म्हणाला. “पुस्तकांची?”

“म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेले तयार तुकडे. माझा प्रोग्राम त्यांच्यावर उभा आहे. माझ्या घरी आहेत, इथे नाहीत.”

त्याने घरी जाऊन तो तुकडा आणला. त्या तुकड्याला दुसरा तुकडा हवा होता. तो आणला, तर म्हणे हा फार नवा आहे, जुना द्या. काल्हेरच्या घरात इंटरनेट नव्हतं. एकेका तुकड्यासाठी स्कूटरवरून भिवंडी. रस्त्यावरचे ट्रकवाले त्याला ओळखायला लागले. काळूराम आता त्याला बघितल्या बघितल्या चहा टाकायला सांगत होता, पण चेहऱ्यावर ते इतर लूमवाल्यांचं चहा पाजून विषय बदलणारं हसू दिसू लागलं होतं. मग एकदा तो निघताना राहीबाई म्हणाली, “गुलामभाय, जमला न्हाय तं राव द्या. बाजारान टॉवेल मिलतान. तुमी नका मनाला लावून घेव.”

हे समजुतीचं बोलणंच त्याला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटत तो घरी आला.

शकिला त्या संध्याकाळी बहिणीकडे अंबाडीला जायची तयारी करत होती. अंबाडीच्या बहिणीच्या घरी कधीच काही जागेवर सापडत नाही, असा तिचा अनुभव. म्हणून तिने पिशवीत तवा भरला होता, चहाची पत्ती, साखर, मीठ, काडेपेटीसुद्धा.

“अगं, तिच्या घरी मीठ नसेल का?” गुलाम हुसेन वैतागून म्हणाला.

“असंल तं असंल. मी कशाला तिच्या भरवशावर राहू?”

गुलाम हुसेन तिच्या पिशवीकडे बघतच राहिला. मग जिना चढून माडीवर गेला. आपण इतके दिवस राहीबाईच्या घरातलं मीठ शोधत होतो. आपल्या खुंटीला जे जे लागतं ते सगळं, लहानातल्या लहान तुकड्यापर्यंत, एकाच फोल्डरमध्ये भरायचं आणि तो फोल्डरच नेऊन ठेवायचा. तिथल्या घरात काय आहे नि काय नाही, विचारायचंच नाही. जाणकार मंडळी म्हणतील की हे कंप्युटरमधल्या जागेचं वाटोळं आहे. म्हणोत. त्यांना कुठे अंजूरफाट्यावरून जायचंय?

दुसऱ्या दिवशी दिपालीच्या कंप्युटरवर खुंटी उघडली. एकदम उघडली. गुलाम हुसेनला इतका आनंद झाला की त्याने ती बंद करून पुन्हा उघडून दाखवली. राहीबाई पदर खोचून खुर्चीवर बसली, माऊस मुठीत धरला आणि चौकटी काळ्या करायला लागली. आधी होडीचा तळ, मग पुढची नाळ, मग शीड. मांडीवर लाकडी पट्ट्या, शेजारी वाटीत सोललेल्या लसणीसारख्या खुंट्या, आणि पडद्याकडे बघत एकेक खुंटी मारत जाणं. दिपाली लग्नपत्रिका हातात धरून आईच्या मागे उभी होती. गुलाम हुसेनला तिथून उठवेना. पण आपण नसताना वापरायला हवी ना, म्हणून तो मनावर दगड ठेवून निघाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. राहीबाईच होती.

“गुलामभाय, होरी उलटी आयली.”

“बुडाली?”

“बुडंल कशाला? त्वांड उलटा आयला. टॉवेल खांद्यावर घेतला का होरी छातीकडं, घराकडं यायला पायजे. ही भायेर चाल्लीय. लेकीच्या लग्नान घराभायेर जानारी होरी कोन देतो?”

मागून काळूरामचा आवाज आला, “मंग टॉवेल पलटी करून घ्या!” आणि राहीबाईने त्याला सुनावलं की मग सुताची उलटी बाजू लोकांना दाखवायची काय.

गुलाम हुसेनने फोन ठेवला. चूक कुठे झाली ते त्याला तिथल्या तिथे कळलं. लूम उजवे असतात आणि डावेही असतात; डाव्या लूमला डॉबी दुसऱ्या अंगाला बसते आणि खुंट्यांचा नकाशा आरशात बघितल्यासारखा फिरवावा लागतो. हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या कारखान्यातही दोन्ही तऱ्हेचे लूम होते. पण डॉबी बसवलेले नक्षीचे दोन लूम होते, ते दोन्ही उजवे. राहीबाईचा लूम डावा, आणि खुंटी लिहिताना डावा लूम त्याच्या ध्यानातच आला नव्हता. पोतडीत मीठसुद्धा भरलं आणि आपल्याच घरची सवय मुकाट्याने सोबत बांधून दिली! त्याला भयंकर शरम वाटली. राहीबाई आता बाजारात जाणार, टॉवेल आणणार, आणि पुन्हा कधी त्याच्या कंप्युटरचं नाव काढणार नाही.

तो माडीवर गेला. त्याने खुंटीत नवी सोय केली: सुरुवातीलाच विचारायचं, लूम उजवा की डावा. उजवा नकाशा स्वतःच्या लूमवर तपासला, डावा आरशासमोर धरून ताडून पाहिला, सीडी भरली आणि स्कूटर काढली. वाटेत ट्रक आडवा आला तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा ट्रकवाल्याला शिवी दिली.

काल्हेरला पोचला तर मागच्या शेडमध्ये लूम चालू होता. राहीबाई समोर उभी होती. विणून उतरणाऱ्या कापडावर होड्यांची रांग, आणि प्रत्येक होडीचं तोंड घराकडे.

“हे कसं काय केलंत वहिनी?” तो ओरडून म्हणाला. लूमच्या आवाजात ओरडावंच लागतं.

“काय करायचा! तुमचा कंप्युटर उलटा बगतो, मना कलला. मंग मी होरीच उलटी काढली. ती सुलटी आयली.” तिने पुढे घरातल्या कंप्युटरकडे नेऊन दाखवलं. होडी होतीच, शिवाय एक पापलेट होतं, एक माड होता, आणि दिपालीने काढलेला चंद्र होता. सगळी चित्रं उलटी, शिस्तीत उलटी.

“मी दुरुस्त करून आणलंय,” गुलाम हुसेनने खिशातून सीडी काढली. “आता सुलटी काढलीत तरी सुलटीच येईल.”

राहीबाईने कंप्युटरच्या आडवा हात घातला. “नको, नको! हात लावू नका. आता तुमी सुलटा केला तं माजा सगला परत उलटा व्हईल.”

गुलाम हुसेनने सीडी परत खिशात टाकली. मग त्याला हसू आलं. ते इतकं आलं की काळूराम ट्रकवाल्याला तसाच सोडून बघायला आला.

लग्नात मांडवाच्या दाराशी काळूरामने मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी दिली. गुलाम हुसेनच्या डोक्यावर आधीच टोपी होती, म्हणून नवी टोपी हातात दिली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. होडी छातीकडे तोंड करून बसली. शेजारी अंबाडीच्या तुळजाबाई होत्या, राहीबाईच्या आत्या. त्यांचेही चार लूम होते. त्यांनी टॉवेलचा पदर चिमटीत धरून निरखला आणि विचारलं, “राही, होरी कोनी काढली गो?”

“मीच,” राहीबाई ताठ मानेने म्हणाली. “कंप्युटरवर.” आणि ती विहीणबाईंकडे निघून गेली.

शकिलाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. “तुमचं नावसुद्धा घेतलं नाही.”

“कापड विणणारा लूमचं नाव सांगतो काय?” गुलाम हुसेन म्हणाला. त्याचं पोट जेवणाआधीच भरलं होतं.

पण तुळजाबाईंनी पदर काही सोडला नव्हता. “मना पन पायजे असा कंप्युटरवर काढायला,” त्या म्हणाल्या. “कुठं मिलल?”

राहीबाईने नाकारलेली सीडी त्या दिवसापासून स्कूटरच्या डिकीत पडून होती. गुलाम हुसेन ती आणायला लगबगीने निघाला, चार पावलांवर थबकला आणि तसाच मागे फिरला.

“आत्या,” त्याने अदबीने विचारलं, “तुमचा लूम उजवा का डावा?”