डोक्याखालची काडी

“ती नको ना काढू बाबा, ती बाळाच्या डोक्याखालची आहे!”

सोफे शिवणाऱ्या बापाने हात मागे घेतला. खिडकीखाली बुटांच्या खोक्याची गव्हाण मांडली होती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या कुणी चांगलं काम केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, म्हणजे नाताळपर्यंत येशूबाळाचं अंथरूण मऊ होतं. सहा वर्षांच्या लेकीपुढे वशिला चालत नव्हता. बापाने फोमची एवढीशी गादी शिवून द्यायचं आमिष दाखवून पाहिलं होतं. “शिवलेलं मऊ चालत नाही,” म्हणून तिने ते उडवून लावलं होतं.

“पण ही माझ्या नावाची कशाबद्दल?”

“मोठ्या काकांशी बोललास त्याची.”

“मी कधी बोललो?”

“नाताळच्या आधी बोलेन म्हणालास ना? मग बोलणारच आहेस.”

म्हणाला होता खरा. झोपायच्या वेळी तिने प्रश्नांचा भुंगा लावला, तेव्हा सुटका करून घ्यायला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला होता. आणि आज नाताळचा आदला दिवस होता.

“मग आत्ता काढून ठेव. बोललो की टाक.”

“संध्याकाळी बाळ येणार. ते डोकं कशावर ठेवेल?”

“घ्या!” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “पोरीनं तुमच्या नावावर उधारीचं पुण्य टाकलंय. आता फेडा.”

तो हसला, पण ते हसणं काही टिकलं नाही. पोर रुसली असती, हट्ट करून बसली असती, तर त्याने निभावून नेलं असतं. ती मात्र निवांतपणे पुठ्ठ्याच्या गाईची शेपटी चिकटवत बसली होती. बापाचा शब्द म्हणजे झालेलंच काम, असं तिच्या लेखी होतं. त्याला भरून आलं, आणि भीतीही वाटली. इतका विश्वास त्याच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. तो आज मोडला, तर पुन्हा जोडता येईल असं त्याला वाटेना.

त्याचं आणि थोरल्या भावाचं दुकान तसं एकच होतं. आई गेल्यावर दोघा भावांनी मधे प्लायवुडची भिंत घातली आणि दारं वेगळी केली. आई थोरल्याकडे असायची. ती रात्रीतून गेली आणि धाकट्याला निरोप मिळाला तो सगळं संपल्यावर. तेव्हापासून बोलणं बंद होतं. थोरल्याचा खोकला, हातोडी, गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस, सगळं भिंतीतून ऐकू यायचं. खोकला जास्त झाला की धाकटा रेडिओ मोठा करायचा.

आज त्याने रेडिओ लावलाच नाही. दुपारपर्यंत एका खुर्चीचं कापड ताणून पुन्हा सैल केलं, पुन्हा ताणलं. मग जीव मुठीत धरून उठला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

“दादा.”

थोरल्याची हातोडी थांबली. त्याने मान वर केली, पण बोलणार कसा? तोंडात बारीक खिळे धरलेले होते. या धंद्यात सगळेच धरतात. त्याने हातावर एकेक खिळा काढायला सुरुवात केली. तेवढ्या वेळात धाकटा ठरवून आणलेलं सगळं विसरला.

“पोरीनं माझ्या नावाची काडी टाकलीय,” तो कसंबसं म्हणाला आणि सगळी हकीकत सांगून मोकळा झाला.

थोरल्याने हातावरचे खिळे डबीत टाकले.

“मला वाटलं होतं, आई रात्र काढेल,” तो म्हणाला. “सकाळी तुला बरोबर घेऊन तिला दवाखान्यात नेऊ, असं धरून चाललो होतो. म्हणून नाही उठवलं तुला. चुकलंच माझं.”

“आधी का नाही बोललास?”

“तू विचारलंस कधी?”

समोरच्या सोफ्याचं कापड एका बाजूला सैल पडलं होतं. धाकट्याने सवयीने ते धरून ताणलं, थोरल्याने खिळा ठोकला. दोघांनी मिळून सोफ्याची पाठ पुरी केली.

संध्याकाळी थोरला आपणहून घरी आला. बाळ गव्हाणीत निजलं होतं. पुतणीने काकांना हाताला धरून खाली बसवलं.

“ही बाबाची काडी. आणि तिच्या शेजारची तुमची.”

“माझी? आज टाकलीस?”

“नाही, बाबाच्या बरोबरच टाकली होती. बाबा बोलला की तुम्ही ओ देणारच ना!”

दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक गादी थोरला आधी अंगठ्याने दाबून बघायचा. तसाच त्याने बाळाच्या डोक्याशी अंगठा हलकेच टेकवला.

“गादी बरी झालीय का?” पोरीने विचारलं.

त्याने मान डोलावली. अंगठा मात्र तिथून काढला नाही.