लिटरला दहा

लॉकडाऊनमध्ये विशाखाने नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात मोठ्या कुंड्या आणि माती घरपोच द्यायचा व्यवसाय सुरू केला. त्यासाठी तिने नवऱ्याच्या मित्राकडून, अभिजितकडून, त्याचा जुना अमेरिकन पिकअप ट्रक विकत घेतला.

"लिटरला दहा किलोमीटर आरामात देतो," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. महिनाभर ती टाकी काठोकाठ भरून मोजत राहिली. आकडा सहाच्या वर गेलाच नाही.

तिने फोन केला, तेव्हा तो हसला. "वहिनी, गाडीत दोष नाही. बायकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड पडतो."

"मग तुम्हीच चालवून दाखवा."

शनिवारी सकाळी तो ट्रेनने आला. मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून दोघं निघाले. मागे एकही कुंडी नव्हती, हायवे ओस पडला होता आणि तो ऐंशीच्या पुढे जात नव्हता. तरीही पंपावर हिशेब आठचाच आला.

"समोरून वारा होता," तो म्हणाला.

"आणि मागे तीनशे किलो माती असती तर?"

"तुला गाड्यांतलं काय कळतं गं?"

विशाखाने त्याच्या हातातून किल्ली ओढून घेतली. "मला मोजता येतं. उतरा. स्टेशन इथून चार किलोमीटर आहे."

तो शिव्या देत उतरला. पंपावरूनच तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर दहा आणि आठ हे दोन्ही आकडे त्याच्या नावासकट टाकले. नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने त्याची समजूत घातली नाही.