आत्या मजेत आहे

माझ्या आत्याचं कंबरेखाली काही हलत नाही. वरचं सगळं हलतं, जीभ जरा जास्तच. मी पहाटे बेकरीची गाडी घेऊन निघतो तो दुपारी उगवतो. निघतानाच तिला खुर्चीत बसवलं, तर एवढा वेळ बसून तिच्या पाठीला जखमा होतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयाची ताई उजाडल्यावर यायची, तिला पलंगावरून उचलायची, आंघोळ घालायची आणि चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसवायची. तिथून आत्या अख्ख्या गल्लीवर देखरेख ठेवायची. नेमलं कुणी नव्हतं, पण काम चोख होतं.

मग कार्यालय डिजिटल झालं. फोनमधून एक बाई चौकशी करणार आणि उत्तरांवरून मदत ठरणार. बाई म्हणजे नुसता आवाज, पण गोड.

"नमस्कार. कशा आहात?"

"मजेत!" आत्या आडव्या पडल्या पडल्या म्हणाली. "तुम्ही?"

"उठायला मदत हवी आहे का?"

"नको हो, कशाला उगाच. तुमच्यामागे कमी का कामं असतील!"

"धन्यवाद."

मी कपाळावर हात मारला. "आत्या, अगं हे काय?"

"मग परक्या बाईला पहिल्या फटक्यात हो म्हणू? बरं दिसतं का? आता ती आग्रह करेल, मग म्हणेन."

आग्रह करायला त्या आवाजाला कुणी शिकवलं नव्हतं. ताई एक दिवसाआड येऊ लागली.

पुढच्या वेळी मी शेजारून ओरडलो, "तिला उठताच येत नाही!"

"दुसरा आवाज आढळला," बाई म्हणाली. "आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"छे हो, भाचा आहे. जरा वेडसर आहे, पण मनाने चांगला."

ताई आठवड्यातून एकदा येऊ लागली आणि माझ्यासाठी समुपदेशक नेमला गेला. धडधाकट माणूस होता. मी म्हटलं, आलाच आहात तर आत्याला जरा उचलू लागा. तो म्हणाला, त्याला फक्त ऐकून घ्यायची परवानगी आहे. मग त्याने ऐकून घेतलं.

मी कार्यालयात गेलो. तिथली बाई खरी होती, पण तिचाही इलाज चालत नव्हता. "आमच्या हातात आता काही नाही हो. लोकसहभाग आलाय. शेजाऱ्यांना ॲपवर मत द्यायला सांगा."

मी घरोघर फिरलो. "आत्यासाठी चार शब्द लिहा," एवढंच म्हणालो. माणसं एका पायावर तयार झाली. शिंपीकाकांनी लिहिलं, 'असं खंबीर व्यक्तिमत्त्व आमच्या गल्लीत दुसरं नाही. कधी कुणापुढे हात पसरला नाही.' वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर लक्ष ठेवतात.' झाडून सगळ्यांनी आत्याला स्वावलंबी ठरवलं. ताई बंद झाली.

"काका, तिला उठता येत नाही, हे लिहायचं होतं!"

"अरे, चारचौघांत असं लिहितात का कुणाबद्दल?" शिंपीकाका दुखावले. "मी तर सुनेकडून शुद्धलेखनसुद्धा तपासून घेतलं."

शेवटची एक संधी होती, फेरविचाराचं संभाषण. मी आत्याकडून तालीम करून घेतली. मी आवाज झालो.

"कशा आहात?"

"मजे... थांब. पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं.

"मला उठता येत नाही," आत्या म्हणाली. "मला मदत हवी आहे."

झकास जमलं होतं. पण मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने माझ्यासमोरसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

फोन वाजला. आत्याने केस सारखे केले.

"अभिनंदन!" बाई म्हणाली. "शेजाऱ्यांच्या मतांवरून आपली मदत-मैत्रीण म्हणून निवड झाली आहे. एका आजोबांना सकाळी पलंगावरून उठता येत नाही. आपण त्यांना उठवायला जाल का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली, आवाज न करता.

"अगंबाई, बिचारे!" ती म्हणाली. "हो, जाईन की."

"धन्यवाद. आपले संभाषण संपले."

"मला उठता येत नाही," आत्या बंद फोनला म्हणाली. स्पष्ट, अगदी तालमीतल्यासारखं.

आजोबा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात, नेमके माझ्या गाडीच्या वाटेवर. तेव्हा सकाळी पाव टाकता टाकता मी त्यांना उठवून बसवतो. कसे आहात विचारलं की मजेत म्हणतात.

दुपारी घरी येतो, तर आत्या तशीच पलंगावर, खिडकीचा पडदा ओढलेला. मग मी पडदा सारतो. ती फोन माझ्यापुढे धरते. आजोबांना वेळेवर उठवल्याबद्दल तिला पुन्हा पाच तारे मिळालेले असतात.

"उठले ना रे नीट?" ती विचारते.