अंगी न लागलेली चरबी

माणूस असो की कोंबडी, भिवाला औषध एकच ठाऊक होतं. चरबी. अंगावर मांस चढलं की रोग आपोआप पळतो, असं तो उभ्या आंबिवली गावाला सांगत आलेला. बाकी कशातही समजूत घाला, ऐकायचा, यात नाही.

त्याची विधवा सून दर्शना हिने घरामागच्या उरल्यासुरल्या जागेत शेड बांधून ब्रॉयलर कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. पहिल्या खेपेला शेवटचे पंधरा दिवस तिने खाद्यात थोडं तेल मिसळलं आणि कोंबड्या अशा भरल्या की भिवा चाट पडला. दुसऱ्या खेपेत निम्म्या उकाड्याने मेल्या. तेव्हाच दर्शनाने सांगून टाकलं, "बाबा, तिसरी पण गेली ना, तर मी बाळकुमला भावाकडे जाते. माझ्याने नाही होत आता."

 भिवाचा मुलगा कमलेश काविळीने गेलेला, बायको त्याच्याही आधी. ही गेली तर घरात दिवा लावायला कोण उरणार?

म्हणून तिसऱ्या खेपेची एका दिवसाची पिल्लं आली, तसा तो खाटकाकडून बोकडाची चरबी आणून वितळवू लागला. मोठ्या कोंबड्यांना तेलाने एवढा गुण येतो, तर या चिमुरड्यांना चरबी जास्तच हवी. दर्शना दुपारी जरा आडवी झाली की तो खाद्यात चरबी कालवायचा. पिल्लं टरारली की मग सांगू, असा त्याचा बेत होता.

पाचव्या दिवशी पिल्लांच्या ढुंगणाला चिकट घाण लागली. खाली पसरलेला भाताचा तूस ओला आणि तेलकट झाला. सातव्या दिवशी बरीच पिल्लं गुडघ्यांवर बसली ती उठेनात. दर्शनाने पाणी बदललं, तूस बदलला, उबेचे बल्ब वाढवले. भिवाने चरबी वाढवली.

दहाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मेलेलं पिल्लू चिरून आतडं बोटाने दाबलं. पांढरट, गिळगिळीत लगदा बाहेर आला.

"खाद्यात चरबी कुणी घातली? एवढ्याशा पिल्लाला पित्त पुरेसं सुटत नाही. दोन-तीन आठवड्यांची झाली की पचवतात. आत्ता पोटात तिचा साबण होतो आणि हाडांचं कॅल्शियमही घेऊन जातो. खातायत पोटभर, अंगी काहीच लागत नाही."

"मी नाही घातली," दर्शना रडवेली झाली. "पण माझंच काहीतरी चुकलं असणार."

भिवाला गप्प बसता आलं असतं. पण ती स्वतःलाच बोल लावून घेते हे त्याला बघवेना.

"मीच घातली गो. तू राहावीस म्हणून."

डॉक्टर गेले. दर्शना मेलेली पिल्लं घमेल्यात गोळा करत राहिली. घमेलं भरल्यावर तिने मान वर केली.

"कमलेशला कावीळ झालेली, तेव्हा पण डॉक्टर बोललेले, तेलातुपाचं काही देऊ नका."

बोकडाच्या पायाचा रस्सा, त्यावरचा बोटभर तवंग, तोंड फिरवणारा पोरगा आणि पुढे केलेला चमचा. भिवाला सगळं आठवलं.

"मी दारातून बघायचे," ती म्हणाली. "वाटायचं, बाप आहे, मी कशी अडवू."

घमेलं त्याच्या पायाशी ठेवून ती भावाला फोन लावायला आत गेली.

मेलेल्यांत एक पिल्लू जिवंत राहून गेलं होतं. ते चोच उघडत होतं, मिटत होतं. भिवाने ते हातावर घेतलं. त्याला काय भरवावं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.