दुसरी खाच

परीक्षकांनी आठ पानी अहवालात तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता. 'सेन्सर काटकोनात फिरवून मोजणी केली का?'

पायल ओव्हाळनं तो प्रश्न पुन्हा वाचला. सहा वर्षं ती प्रयोगशाळेत एकच काम करत होती. वायूनं भरलेल्या इवल्याशा डबीत क्ष-किरण शिरला की एक इलेक्ट्रॉन उडतो आणि तळाचा पिक्सेल सेन्सर त्याची वाट टिपतो. अशा लाखो वाटा टिपायच्या. त्या एकाच दिशेला जास्त कलल्या, तर किरण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा. तिच्या वाटा कलत होत्या, अगदी थोड्या, पण रोज खिडकीच्याच दिशेला. त्या कलावर अख्खा प्रबंध उभा होता आणि शुक्रवारी तोंडी परीक्षा होती.

सेन्सर तिनं कधीच फिरवला नव्हता. फिरवताच येत नव्हता. चुकून वाकडा बसू नये म्हणून डबीच्या पितळी कड्याला तिनंच हौसेनं खाच पाडून घेतली होती.

"एवढं काय त्यात? 'फिरवला' म्हणून लिहून टाक," गाइड सलिल सर म्हणाले. "आता मुदतवाढ मिळणार नाही, तुला ठाऊक आहे." ते रागावले नव्हते, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

कडं घेऊन तिनं कसबा पेठेतल्या हिंदुरावांचं वर्कशॉप गाठलं.

"दुसरी खाच हवी, काका. काटकोनात. आत्ताच."

हिंदुरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "सहा वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, दुसऱ्या बाजूनं बसवायची वेळ आली तर? आपण म्हणालात, येणारच नाही. शिकलेल्या माणसांचं ऐकावंच लागतं आम्हाला."

"चुकलं माझं."

"बसा," ते म्हणाले आणि त्यांनी कानस उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजणी चालली. किरण होते तिथंच होते, फिरला होता तो फक्त सेन्सर. कल किरणांचा असेल तर तो खिडकीकडेच राहायला हवा होता. राहा रे बाबा, तिथंच राहा, अशी ती पडद्याला विनवत बसली. आलेखावरचा उंचवटा सेन्सरबरोबर नव्वद अंश फिरला.

किरणांना कल नव्हताच. ती सेन्सरची खोड होती आणि पायल सहा वर्षं इमानेइतबारे तीच मोजत आली होती. तिला हंबरडा फोडावासा वाटला. एक बटण दाबलं की ही मोजणी पुसली गेली असती, हिंदुरावांशिवाय कुणाला पत्ता लागला नसता. बोट बटणावर होतं तेव्हाच बिबवेवाडीहून वडिलांचा फोन आला.

"पायल, शुक्रवारचे पेढे सांगू ना? दोन किलो पुरतील?"

"नको, आप्पा. परीक्षा होणार नाही. माझं मापच चुकलंय."

"कोण म्हणतं?"

"मीच."

तीस वर्षांच्या नोकरीत साहेबापुढेही भीमरावांचा आवाज कधी खाली आला नव्हता.

"पुन्हा एकदा बघ ना, बाळा," ते अगदी हळू म्हणाले. "घाईत झालं असेल."

"बघितलं, आप्पा. फिरवून बघितलं."

फोन कानाशी तसाच धरून तिनं बटणावरचं बोट काढलं आणि परीक्षकांच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'होय. कल सेन्सरचा आहे.'