रातव्याचा डोळा

बायडाबाईची सून सकाळी रानात असायची आणि दुपारी कागदात. "मग घरात कधी असतीस गं बाई?" असं बायडाबाईनं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. निकिता हसून म्हणाली, "घरातच असते की आई. कागद घरातच आहे ना." त्यावर बायडाबाईला चटकन उत्तर सुचलं नाही. आणि ज्या माणसापुढं आपली जीभ अडली, ते माणूस तिच्या मनात भरायचं. हे तिनं अर्थात कुणाला सांगितलं नाही. सुनेला तर नाहीच. सुनेचं कौतुक तोंडावर केलं की घराचा उंबरा झिजतो, असं तिची सासू म्हणायची. आता फ्लॅटला उंबरा कुठला, पण म्हणणं राहिलं.

गंगापूर रोडवरचा तो फ्लॅट मुलाचा, अमितचा. तो सातपूरला कंपनीत. निकिता फटफटायला लागलं की दुर्बीण गळ्यात अडकवून धरणाच्या अंगाला निघायची. आली की चहा, भाजी, पोळ्या, आणि मग आतल्या खोलीत खिडकीखालच्या टेबलाशी बसायची ती उन्हं कलेपर्यंत. रंग नाही, ब्रश नाही, नुसती शिसपेन्सिल. एका पिसापायी अख्खी दुपार जायची.

"एकदा पाह्यलं की झालं. रोज रोज काय रानात जायचं?" बायडाबाई म्हणायची. "पाखरू काय नवं लुगडं नेसून येतं का?"

"कागदाकडं बघून बघून डोळा मरतो, आई. मग रानात नेऊन त्याला जागा करून आणते."

"डोळे जागे करायला आमच्यात थंड पाणी मारत्यात."

पण संध्याकाळी आतून हाक यायची, "आई, बघा." अमितच्या आधी, फोनवर फोटो टाकायच्या आधी, पहिली हाक आईला. बायडाबाई मुद्दाम थोडा वेळ लावायची. पदराला हात पुसायची, आत जायची, कंबरेवर हात ठेवून कागदाकडं बघायची आणि खोट काढायची. "चोच फताडी झाली." "शेपूट कुणी चावली का याची?" निकिता खोडरबर उचलायची किंवा नुसती हसायची. अख्ख्या दिवसात बायडाबाईला तेवढी घटका गोड लागायची.

त्या वर्षी थंडी सरता सरता निकितानं रातव्याचं, रात्री उडणाऱ्या त्या पाखराचं, चित्र काढायला घेतलं. प्रदर्शनात लावायचं होतं. सागाची पानगळ झाली होती आणि कागदावर नुसती वाळकी पानंच पानं. प्रत्येक पानाची शीर न् शीर, भोकं, कुरतडलेल्या कडा. शेजारची संध्या बघायला आली नि म्हणाली, "छान आहे हो. पण पक्षी कुठाय?"

"असं कसं दिसंना तुला?" बायडाबाई ठसक्यात म्हणाली. "समोर तर हाय एवढा मोठा." खरं तर तिलाही दिसत नव्हता. संध्या गेल्यावर तिनं कागदाला नाक लावलं, तेव्हा कुठं एका पानाची पाठ जरा फुगीर वाटली. त्या पाठीला पंख निघाले, मग चोचीचं टोक निघालं. सगळं पाखरू निघालं, पण डोळा काही सापडेना. पानाच्या शिरेसारखी एक रेघ होती, बस.

शनिवारी संध्याकाळी निकितानं पेन्सिल खाली ठेवली, बोटं मोडली. "झालं, आई. आता तेवढं डोळ्याचं उद्या एकदा बघून येते. दुपारी न्यायला माणूस येणारे."

बायडाबाईनं मान हलवली. डोळा राहिलाय, एवढंच तिच्या कानात शिरलं. विचारून खात्री करून घेणं हा तिचा स्वभावच नव्हता. विचारतं ते, ज्याला कळत नाही.

रविवारी निकिता गेली. अमित झोपला होता. बायडाबाई देवाला दिवा लावून आतल्या खोलीत आली आणि त्या आंधळ्या पाखराकडं बघत उभी राहिली. रानातून ही येणार कधी, डोळा काढणार कधी, माणूस दारात उभा राहणार कधी? आणि डोळा काढणं काय असतं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. माहेरी नामपूरला श्रावणात नारळाची कानबाई देवी बसायची, तेव्हा नारळाला काजळानं डोळे काढायचा मान बायडाबाईचा. लग्नाआधीही तिचाच आणि नंतर भावकीनं बोलावून नेऊन दिलेला, तोही तिचाच. ती काडीचं टोक काजळात बुडवायची, श्वास धरायची आणि एका दमात बुबुळ भरायची. डोळे झाले की नारळ नारळ राहायचा नाही. मागं बसलेल्या बायका एका सुरात म्हणायच्या, "बाई उनी!" म्हणजे देवी आली.

तिनं देव्हाऱ्याजवळची काजळाची डबी आणली. काडेपेटीतली काडी घेतली. बाईचा डोळा नको, पाखराचा हवा, गोल, एवढं तिला कळत होतं. श्वास धरला. मध्ये तांदळाच्या कणीएवढं पांढरं सोडलं.

आणि पाखरू पानांतून टुणकन बाहेर आलं! दारातून बघितलं तरी पहिलं तेच दिसत होतं. बायडाबाई मनात म्हणाली, बाई उनी.

निकिता आली ती खुशीत होती. "तिथंच बसलाय, आई, त्याच जागेवर," असं म्हणत आत गेली. मग आतून काही आवाज आला नाही. बायडाबाई कणीक मळता मळता वाट बघत राहिली. कौतुक नाही तर नाही, हाक तरी येईल. शेवटी तीच दाराशी गेली. निकिता खोडरबर हातात धरून उभी होती आणि रबर कागदाला लावत नव्हती. काजळाभोवती तेलाचं बारीक कडं उमटलं होतं.

"डोळा राह्यला होता," बायडाबाई म्हणाली.

"मिटलेला होता, आई."

एवढंच. निकिता ओरडली असती, तर बायडाबाई शब्दाला शब्द देऊन तिला पुरून उरली असती. पण सुनेनं चित्र उचललं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं, माणसाला फोन करून चार दिवसांनी यायला सांगितलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"आई, तू चित्राला काजळ लावलंस?" अमितनं डोक्याला हात लावला.

"मग काय शेंदूर लावू? तू चहा पी, आम्या, आणि गप बस."

त्या संध्याकाळी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निकिता जेवायला वाढत होती, औषध हातात देत होती, सगळं करत होती. फक्त "आई, बघा" तेवढं नव्हतं. बायडाबाईनं दोनदा त्या दारासमोरून विनाकारण चक्कर मारली. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं, तरी कुणी बोललं नाही. तेव्हा तिला कळलं की हे भांडण तोंडानं जिंकायचं नाही.

मग एके दिवशी फटफटायला निकिता बाहेर पडली, तर बायडाबाई आधीच जिन्यात बसलेली. नऊवारी लुगडं, त्यावर अमितचा स्वेटर, पायात अमितचेच बूट, मांडीवर भाकरीचं फडकं.

"कुठं निघालात, आई?"

"माझा पण डोळा मेलाय. चल."

धरणाच्या वरच्या अंगाला सागाची झुडपं होती. बूट पानांवर कराकरा वाजत होते. निकितानं ओठांवर बोट ठेवलं, तशी बायडाबाईनं बूट काढून हातात घेतले. एका जागी निकिता थांबली, बोट केलं. "तो बघा."

"कुठं?"

"त्या दगडाच्या अलीकडं."

बायडाबाईला पानं दिसली. नुसती पानं. पण दिसत नाही असं म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. ती हळूहळू पुढं सरकली. "आई, बास," निकिता कुजबुजली. बायडाबाई आणखी सरकली. ऊन पाठीशी होतं. तिच्या पदराची सावली पानांवरून पुढं गेली, दगडापाशी पोचली.

आणि एका वाळक्या पानानं डोळा उघडला.

काळाभोर, ओला, अंगाच्या मानानं केवढा तरी मोठा. त्यानं थेट तिच्याकडं बघितलं. पुढच्याच क्षणी ते पान उठलं आणि आवाज न करता झुडपांवरून निघून गेलं.

"दिवसभर मिटून बसतो," निकिता म्हणाली. "डोळा चकाकला की तो दिसतो. दिसला की मेला. म्हणून कुणी फारच जवळ आलं, तरच उघडतो."

बायडाबाई खाली बसून बूट चढवायला लागली. नाडी तिला बांधता येईना. निकिता वाकली आणि बांधायला लागली.

"म्हणजे मी त्याला धरून दिला म्हण," बायडाबाई सुनेच्या डोक्याकडं बघत म्हणाली.

गाठ बांधता बांधता निकिताचे खांदे हलायला लागले. आधी बायडाबाईला वाटलं, रडते. मग दिसलं, हसते आहे.

"हसायला काय झालं? भाकरी खा. तुझ्या त्या वाटीभर पोह्यांवर हे डोंगर चढत नसत्यात."

त्या दुपारी दार लोटलेलं नव्हतं. बायडाबाई तिकडं गेली नाही. लसूण सोलत बसली, सोललेला पुन्हा निवडत बसली. उन्हं कलली तशी आतून हाक आली.

"आई, बघा."

तिनं हात पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. काजळाचा डोळा होता तिथंच होता, तेलाच्या कड्यासकट. पण चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून, पानांवरून, एक सावली आत आली होती. डोक्यावर पदर, एक हात लांब, आणि त्या हातात लोंबणारे बूट. रातवा तिच्याकडंच बघत होता.

बायडाबाई बघत राहिली. शेवटी नाक ओढून म्हणाली,

"कंबर लय जाड काढलीस."

निकितानं खोडरबर उचललं.

"राहू दे," बायडाबाई म्हणाली.